ऐंशी पौंडांचा प्रश्न : स्त्रियांचा पहिला क्रिकेट दौरा



कामगार चळवळीतल्या माणसाला इतिहासावर बोलण्यास बोलावले, की तो गिरण्यांचा किंवा संपांचा इतिहास सांगेल अशी चालकांची अपेक्षा असते. आमच्याकडूनही ती होतीच. परंतु आज आम्ही क्रिकेटविषयी, आणि तेही स्त्रियांच्या क्रिकेटविषयी बोलणार आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे, कारखान्याच्या दारावर अधिक, आणि उरलेले नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे पंडिताचा अधिकार आमच्यापाशी नाही. पण पैसा कोणी भरायचा आणि हुकूम कोणी करायचा, हा प्रश्न आम्ही तीस वर्षे रोज हाताळत आलो आहोत. तोच प्रश्न आम्हाला एका जुन्या दौऱ्याच्या हकिकतीत भेटला, म्हणून तिच्याविषयी बोलण्याचे धाडस करीत आहोत.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका मुलीमुळे. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघटनेतल्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात एक मुलगी होती. जलद गोलंदाजी करायची. परगावी निवड-सामने होते आणि तिला बोलावणे आले. संध्याकाळी ती युनियनच्या कचेरीत येऊन दारातच उभी राहिली. म्हणाली, "काका, आठ दिवसांचे खाडे पडतील म्हणतात. शिवाय गाडीभाडं आपलं आपण." आम्ही टाइमऑफिसपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना भेटलो. उत्तर एकच मिळाले : एकीला रजा दिली तर उद्या दहाजणी मागतील. मग आम्ही पाळी सुटताना दारावर डबा फिरवला. कामगारांनी दहा-वीस रुपये टाकले, मुलगी जाऊन आली, आणि आम्ही मोठे काम केल्याच्या समाधानात राहिलो. पुढल्या वर्षी पुन्हा बोलावणे आले तेव्हा ती कचेरीत आलीच नाही. कारण विचारले तेव्हा खाली पाहून म्हणाली, "दर साली डबा फिरवायचा का, काका?"

या वाक्याने आमची झोप उडवली. स्त्रियांच्या क्रिकेटचा इतिहास आम्ही त्यानंतर वाचू लागलो, तो क्रीडाप्रेमाने नव्हे, हे कबूल करतो.

आता मूळ विषयाकडे येऊ. स्त्रियांनी चेंडूफळी खेळणे ही अलीकडची फॅशन आहे असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. इंग्लंडात सरे परगण्यात गिल्डफर्ड गावाजवळ २६ जुलै १७४५ रोजी ब्रॅम्ली आणि हॅम्बल्डन या दोन गावांच्या मुलींचा सामना झाला. सगळ्यांनी पांढरे कपडे घातले होते. ओळखू याव्यात म्हणून एका गावाच्या मुलींनी डोक्याला निळ्या फिती बांधल्या होत्या आणि दुसऱ्या गावाच्या मुलींनी तांबड्या. हॅम्बल्डनने १२७ विरुद्ध ११९ धावांनी सामना जिंकला, अशी नोंद त्या वेळच्या वृत्तपत्रात आहे. या साध्या खेड्यातल्या मुली होत्या. म्हणजे खेळाचा आरंभ सामान्यांच्या अंगणात झाला.

पुढे शंभर-दीडशे वर्षांत चित्र पालटले. १८८७ साली यॉर्कशायरमध्ये 'व्हाइट हेदर' नावाचा स्त्रियांचा क्लब निघाला, तो सरदार घराण्यांतल्या बायकांचा. १८९० साली काही व्यापारी मंडळींनी पैसे देऊन मुलींचे दोन संघ उभे केले आणि गावोगाव त्यांचे सामने लावले. लिव्हरपूलला पंधरा हजार लोक जमले. मुली टोपणनावांनी खेळत, कारण पैशासाठी खेळणे कुलीन समजले जात नसे. पुढे व्यवस्थापकच गल्ला घेऊन पसार झाला आणि खेळ संपला, असे सांगतात. सर्कशीचा मालक पळाला की कसरतपटू उघड्यावर पडतो. या मुलींची गत तशीच झाली. स्त्रियांनी त्यातून धडा घेतला असावा असे आम्हाला वाटते. दुसऱ्याच्या पैशावर मांडलेला खेळ दुसऱ्याच्या मर्जीने मोडतो, हा तो धडा.

१९२६ साली हेरफर्डशायरमधल्या कॉलवॉल गावी हॉकी खेळणाऱ्या काही स्त्रिया सुटीत क्रिकेट खेळण्यास जमल्या, आणि त्याच वर्षी 'विमेन्स क्रिकेट असोसिएशन' स्थापन झाली. या संस्थेचा कारभार स्त्रियांच्याच हाती होता. पुरुषांच्या क्लबापुढे हात पसरायचा नाही आणि पैशासाठी खेळायचे नाही, हा तिचा बाणा होता. पाच वर्षांनी, १९३१ साली, ऑस्ट्रेलियातही स्त्रियांची क्रिकेट परिषद झाली. तिने इंग्लंडच्या संघाला आमंत्रण दिले.

हे आमंत्रण ज्या हवेत गेले ती हवा समजून घेतली पाहिजे. १९३२-३३ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा पुरुषांचा संघ ऑस्ट्रेलियात होता. ब्रॅडमनला आवरायचे म्हणून कप्तान जार्डिन याने अंगावर चेंडू टाकण्याची युक्ती काढली. 'बॉडीलाइन' हे तिचे कुप्रसिद्ध नाव. ॲडिलेडच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाचा कप्तान वुडफुल याच्या छातीवर चेंडू बसला, प्रेक्षक खवळले, आणि दोन्ही देशांच्या क्रिकेट मंडळांत तारांची लढाई जुंपली. ही युक्ती अमलात आणणारा गोलंदाज हॅरोल्ड लारवुड हा नॉटिंगहॅमशायरच्या खाणकामगाराचा मुलगा. वयाच्या चौदाव्या वर्षी तो स्वतः खाणीत कामाला लागला होता. मालिकेत त्याने ३३ बळी घेतले. जार्डिन हा उच्चभ्रू शाळेत आणि ऑक्सफर्डला शिकलेला हौशी खेळाडू, आणि लारवुड हा मजुरी घेऊन खेळणारा. प्रकरण अंगावर आले तेव्हा क्षमा मागण्यास कोणाला सांगितले? हुकूम सोडणाऱ्याला नव्हे, हुकूम पाळणाऱ्याला! लारवुडने क्षमा मागितली नाही, आणि तो पुन्हा इंग्लंडकडून कसोटी खेळला नाही. १९५० साली तो ऑस्ट्रेलियातच, ज्यांच्या अंगावर चेंडू टाकले त्यांच्याच देशात, राहावयास गेला.

ही हकिकत येथे सांगण्याचे कारण आहे. हौशी आणि धंदेवाईक असा भेद त्या काळी इंग्रजी क्रिकेटचा कणा होता. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये तो १९६२ साली रद्द झाला, तोवर एकाच संघातले हे दोन वर्ग पुष्कळ मैदानांवर वेगवेगळ्या खोल्यांत कपडे बदलत. पुरुषांमध्ये निदान गरिबाला मजुरी घेऊन खेळण्याची सोय होती. स्त्रियांच्या क्रिकेटमध्ये तीही नव्हती. तेथे सगळ्याच हौशी. आणि हौस ही पैशाच्या थैलीत राहते, हे मंडळींना ठाऊक आहेच.

इंग्लंडच्या संस्थेने आमंत्रण स्वीकारले. अट अशी की बोटीचे भाडे प्रत्येकीने स्वतः भरावयाचे, सुमारे ऐंशी पौंड. बॅट आणि कपडेही ज्याचे त्याने आणावयाचे. ऑस्ट्रेलियात पोचल्यावर राहण्याजेवण्याची सोय यजमान करणार होते. शिवाय जाऊन येऊन अर्धे वर्ष मोडणार होते. एवढे पैसे आणि एवढी रजा ज्यांना साधेल त्यांच्यातूनच संघ निवडला गेला. म्हणजे पहिली निवड मैदानावर होण्यापूर्वी बँकेच्या पुस्तकात झाली होती! संघात शाळांतून खेळ शिकवणाऱ्या शिक्षिका होत्या, बऱ्या घरच्या मुली होत्या. खाणीच्या वस्तीतली किंवा लँकेशायरच्या मागावरची मुलगी या बोटीवर चढण्याची शक्यता फार थोडी होती.

तरीही ज्या गेल्या त्यांना आम्ही कमी लेखू इच्छीत नाही. कप्तान बेटी आर्चडेल हिचेच पाहा. तिची आई हेलन ही स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेली आणि खिडक्यांच्या काचा फोडून तुरुंगात गेलेली बाई. आईला दगड गोळा करून दिल्याची लहानपणची आठवण बेटी पुढे सांगत असे. बाप लष्करी अधिकारी. तो १९१८ साली, युद्धाच्या अखेरीस, बोट बुडून गेला. बेटी कायद्याची पदवीधर झाली. तुरुंगात गेलेल्या आईच्या या मुलीला लोकांच्या नजरेची भीती नव्हती.

१९३४ च्या ऑक्टोबरात इंग्लंडहून बोट निघाली. २८ डिसेंबरला ब्रिस्बेन येथे स्त्रियांचा जगातला पहिला कसोटी सामना सुरू झाला. ऑस्ट्रेलियाचा डाव ४७ धावांत आटोपला. मर्टल मॅक्लागन हिने १० धावांत ७ बळी घेतले. ही मर्टल लष्करी अधिकाऱ्याची मुलगी, आणि तिचा जन्म आपल्याकडे अंबाल्याच्या छावणीतला. पुढे फलंदाजीस येऊन तिनेच ७२ धावा काढल्या. ऑस्ट्रेलियाच्या ॲन पामरनेही १८ धावांत ७ बळी घेऊन चोख उत्तर दिले, पण इंग्लंडने सामना ९ गडी राखून जिंकला. सिडनीचा दुसरा सामनाही इंग्लंडनेच जिंकला. तेथे मॅक्लागनने ११९ धावा काढल्या. स्त्रियांच्या कसोटीतले ते पहिले शतक. मेलबर्नचा तिसरा सामना अनिर्णित राहिला. नंतर संघ न्यूझीलंडला गेला आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये ख्राइस्टचर्च येथे त्याने यजमानांना ४४ धावांत गुंडाळून स्वतः ५ बाद ५०३ अशी धावसंख्या उभारली. यष्टिरक्षक बेटी स्नोबॉल हिने १८९ धावा काढल्या. हा उच्चांक एक्कावन्न वर्षे टिकला, आणि १९८६ साली वूस्टर येथे इंग्लंडविरुद्धच तो मोडला तो आपल्या इंदूरच्या संध्या अग्रवाल हिने, १९० धावा काढून. इतिहासाची फेड अशी कधी कधी एका धावेने होते.

ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी या मुलींचे स्वागत मनापासून केले. दोन वर्षांपूर्वी ज्या मैदानांवर शिव्यांचा पाऊस पडला होता, तेथे टाळ्या वाजल्या. पुरुषांनी बिघडवलेले घर बायकांनी सावरले, अशी प्रशंसा झाली. ती वाचताना आम्हाला थोडे हसू आले. घर सावरण्याचे काम बायकांकडे बिनपगारीच असते. येथे तर त्यांनी पदरचे ऐंशी पौंड भरून ते केले!

आता या गोष्टीची दुसरी बाजू पाहू. ऑस्ट्रेलियाच्या संघाची कप्तान मार्गारेट पेडन ही कायद्याच्या प्राध्यापकाची आणि मोठ्या राजकारणी गृहस्थाची मुलगी. परंतु त्याच संघात पेगी अँटोनिओ नावाची सतरा वर्षांची मुलगी होती. मेलबर्नच्या बंदराजवळची वस्ती ही तिचे घर. बाप चिली देशातून आलेला गोदी कामगार, ती तान्ही असतानाच वारलेला. ती गल्लीतल्या पोरांबरोबर खेळून गोलंदाजी शिकली आणि कारखान्यात काम करू लागली. तिच्या फिरकीमुळे वृत्तपत्रे तिला 'मुलींतली ग्रिमेट' म्हणू लागली. ग्रिमेट हा त्या काळचा ऑस्ट्रेलियाचा नामांकित फिरकी गोलंदाज. मेलबर्नच्या कसोटीत, आपल्याच शहरात, पेगीने ४९ धावांत ६ बळी घेतले. दौरा तिच्या दारी आला होता. बोटीचे भाडे तिला भरावे लागले नव्हते, म्हणून ती खेळली.

दौरा उलट दिशेने निघाला तेव्हा काय झाले? १९३७ साली ऑस्ट्रेलियाच्या मुली इंग्लंडला जाणार होत्या. प्रत्येकीने ७५ पौंड भरावयाचे होते. त्या काळी तेथे स्त्रीची मजुरी पुरुषाच्या निम्म्याहून जराशीच अधिक असे. म्हणजे कारखान्यातल्या मुलीने अर्ध्या वर्षाहून अधिक काळ न खाता-पिता राबावे तेव्हा बोटीचे भाडे निघावे. देशातल्या उत्तम गोलंदाजांत गणल्या जाणाऱ्या पेगीचे जाणे त्या ७५ पौंडांवर अडले. अखेर एका उदार गृहस्थाने पैसे भरले आणि ती बोटीवर चढली. नॉर्थॅम्प्टनच्या कसोटीत तिने दोन डावांत मिळून ९ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाने इंग्लंडवर स्त्रियांच्या क्रिकेटमधला पहिला विजय मिळवला, ३१ धावांनी. मालिकेत तिचे बळी १९ झाले.

ज्यांनी भाडे स्वतः भरले होते त्यांच्यावर नियम किती, तेही ऐका. दारू, धूम्रपान, जुगार वर्ज्य. नवरा, नातलग किंवा मैत्रीण बरोबर आणावयाची नाही. वृत्तपत्रांत लिहावयाचे नाही. बोटीवर रात्री दहाला निजावयाचे. सकाळी सव्वासातला डेकवर कवायत करावयाची. आमच्या कारखान्यांचे स्थायी आदेश आम्ही पुष्कळ वाचले आहेत. पण कामगाराकडूनच पैसे घेऊन त्याच्यावर एवढी बंधने घालणारा मालक आम्हालाही भेटला नव्हता.

येथे कोणी विचारील, की स्वतःचे पैसे भरण्यात वाईट ते काय? तुमची युनियनही वर्गणीवरच चालते ना? प्रश्न रास्त आहे. मालकाच्या देणगीवर चालणारी युनियन ही युनियन नव्हे, हे आम्हीच दारादारांवर सांगत आलो. त्या स्त्रियांनी पुरुषांपुढे हात पसरला नाही, म्हणूनच त्यांचा कारभार त्यांच्या हाती राहिला. हे त्यांचे मोठेपण आहे आणि ते आम्ही मान्य करतो. पण वर्गणी आणि भाडे यांत फरक आहे. वर्गणी सगळे देतात आणि ज्याला गरज पडेल त्याच्यासाठी ती खर्च होते. भाडे ज्याचे त्याने भरावयाचे असते आणि ज्याला परवडत नाही तो धक्क्यावर उभा राहतो. त्या संस्थांनी स्वाभिमान राखला, परंतु त्याची किंमत आपल्याच गरीब बहिणींकडून वसूल केली. पेगीला दाता भेटला म्हणून तिचे नाव आज घेता येते. ज्यांना तो भेटला नाही त्यांची नावे कोणत्याच धावपुस्तकात नाहीत.

ही विलायतेची गोष्ट म्हणून सोडून देण्यासारखीही नाही. आपल्याकडे स्त्रियांची क्रिकेट संघटना १९७३ साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरली. संघ तीनच : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७५ साली ऑस्ट्रेलियाच्या पंचवीस वर्षांखालील मुली आल्या, त्यांचाही एक सामना पुण्यात झाला. १९७६ साली शांता रंगास्वामीच्या संघाने पाटण्याला वेस्ट इंडीजला हरवून भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला. या मुली रेल्वेच्या बिनआरक्षित डब्यांतून, सामान पायाशी घेऊन फिरत. १९८२ साली न्यूझीलंडला विश्वचषकासाठी जाताना प्रत्येकीला दहा हजार रुपये उभे करावे लागले, असे डायना एडल्जी यांनी सांगितले आहे. पौंडांचे रुपये झाले, बोटीचे विमान झाले. प्रश्न मात्र तसाच राहिला.

तो आपल्याकडे थोडाफार सुटला तो दात्यांमुळे नव्हे. रेल्वेने स्त्री खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. नोकरी म्हणजे महिन्याचा पगार आणि खेळासाठी हक्काची रजा. डायना एडल्जी पश्चिम रेल्वेत होत्या. पुढे कित्येकजणी त्या वाटेने आल्या. कर्तबगारी मुलींची होतीच, पण तिला उभे राहण्यास जमीन लागते, ती पगारपत्रकाने दिली. २००६ साली स्त्रियांचे क्रिकेट नियामक मंडळाकडे आले. २०२२ च्या ऑक्टोबरात सामन्याचे मानधन स्त्री-पुरुषांना समान करण्याची घोषणा झाली. वार्षिक कराराच्या रकमा त्या घोषणेत नव्हत्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्री आमच्या चाळीत फटाके वाजले. आम्हीही पेढे वाटले.

पेढे वाटताना आम्हाला त्या पॅकिंग खात्यातल्या मुलीची आठवण झाली, आणि एक गोष्ट आज या व्यासपीठावरून कबूल केली पाहिजे. तिने डब्याबद्दल विचारले त्यानंतरच्या मागणीपत्रकात आम्ही एक कलम घातले होते : खेळासाठी निवड झालेल्या कामगारास वर्षातून दहा दिवस पगारी रजा आणि प्रवासखर्च. वाटाघाटी चार महिने चालल्या. शेवटच्या बैठकीत महागाई भत्ता थोडा वाढवून मिळत होता. बदल्यात काही 'किरकोळ' कलमे सोडा असे मालक म्हणाला. टेबलाच्या आमच्या बाजूला आम्ही सहाजण होतो, सहाही पुरुष. सगळ्यांत आधी जे कलम सुटले ते हेच. ते मालकाने खोडले नाही. आम्ही आमच्या हाताने खोडले. त्या संस्थांनी आपल्या गरीब बहिणींना धक्क्यावर उभे केले असे मघाशी म्हणालो. आमच्या वाट्याचे तेच काम आम्हीही केले आहे.

बेटी आर्चडेल पुढे ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली, सिडनीच्या एका मोठ्या कन्याशाळेची मुख्याध्यापिका झाली. १९९९ साली लॉर्ड्सच्या त्या जुन्या क्लबाने प्रथमच दहा स्त्रियांना सन्माननीय सभासद करून घेतले, त्यांत ती होती. तेव्हा ती नव्वदीच्या घरात होती. थोड्याच महिन्यांनी ती गेली. दार उघडते, पण ज्यांनी ते ठोठावले त्यांचे आयुष्य सरल्यावर उघडते, असा बहुतेक हक्कांचा इतिहास आहे.

पॅकिंग खात्यातली ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे. तिची मुलगी संध्याकाळी कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत पोरांबरोबर खेळते. चेंडू बरा वळवते. येत्या वर्षी आमच्या कराराची मुदत संपते आहे. नव्या मागणीपत्रकाचा मसुदा तयार होत आहे, आणि या वेळी मसुदा समितीत सहांपैकी तीन बायका आहेत. दहा दिवसांच्या रजेचे कलम त्यांनी पहिल्या पानावर घेतले आहे. ते शेवटपर्यंत तेथे राहते की नाही, हे पुढल्या वसंतात आम्हाला या मंडपात अडवून जरूर विचारावे.